मास्तरांचे आटे

"अरे भाऊ, खालच्या आळीतल्या मास्तरांचं कळलं का?"

अण्णांनी गडग्यावर कोपर टेकलं म्हणजे पाऊण तास गेला म्हणून समजायचं. मी पडवीत स्प्लेंडरच्या चेनकव्हरचं रबरी बूच काढून आत बोट घालून बसलो होतो. चेन इंचभर हलायला हवी, ही दोन इंच नाचत होती.

"काय झालं?"

"मोबाइलवर बघून घरच्या घरी ऑइल बदललं. गाडीला लागतं ८०० मिली, ह्यांनी लिटरची बाटली उपडी केली. बरं, ते असो. खालचा बोल्ट गळू नये म्हणून पान्याला हातभर पाइप लावला नि आवळला. कट्ट! बोल्टाबरोबर आटे बाहेर. एवढाला अ‍ॅल्युमिनियमचा भुगा."

भुगा त्यांनी चिमटीत असा दाखवला, जणू स्वतः बघून आलेत. (आलेच होते. दोनदा.)

"बोल्ट पोलादाचा, इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं. जिंकणार कोण? वॉशर नवा घालायचा, पाना आखूड घ्यायचा नि मनगटाला ताण आला की थांबायचं. ह्यांनी खांदा लावला. आता गॅरेजवाला नवे आटे पाडून देतोय."

मी हसलो. तिथेच चुकलं.

"हसतोस काय? तू ऑइल बघतोस कसं, दाखव."

मी ऐटीत कांडी काढली, जुन्या बनियनला पुसली, घट्ट पिळून बसवली, परत काढली. ऑइल बरोबर वरच्या खुणेवर.

अण्णा ह्या वयात गडगा चढून अलीकडे आले. गाडी मेन स्टँडवर घेतली, दोन-तीन मिनिटं चालू ठेवली, बंद केली. तंबाखू मळून होईपर्यंत थांबले. मग कांडी पुसून भोकात नुसती टेकवली, पिळली नाही. बाहेर काढली तर ऑइल टोकाला कसंबसं लागलेलं. खालच्या खुणेच्याही खाली.

"आटे बसवलेस की कांडी तेवढी खोल बुडते. मग फुल्ल दिसणारच! किती वर्षं असं बघतोयस?"

मी वर्षं सांगितली नाहीत. चढाला इंजिन टकटक करायचं, ते मी टॅपेटवर ढकलून मोकळा झालो होतो.

तेवढ्यात आतून आमची ही. "भांड्यांचा ब्रश कुठाय?" ब्रश चेनवर. तरीही ती बाहेर येऊन गप्पांत शिरली, कारण तिच्या भावाची गाडी चिपळूणच्या पावसात दर सोमवारी बंद पडते आणि गॅरेजवाले प्लग बदलत राहतात. अण्णांचा निकाल तयार होता. "टाकीच्या झाकणातून पाणी शिरतंय. हल्ली पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, त्याला पाण्याचं भारी प्रेम. दोघं मिळून तळाशी बसतात. कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत काढायला सांग, दोन थर दिसतील." हिने तिथूनच भावाला फोन लावला. ब्रश वाचला असं नाही.

मग आम्ही दोघांनी चेन ओढली. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आणल्या, चाक मागे सरकलं म्हणून ब्रेकही पुन्हा लावला. चेनला ९० नंबरचं ऑइल अण्णांनी स्वतःच्या डब्यातलं दिलं. एसटी डेपोतून निवृत्त झाले तेव्हापासूनचा तो डबा, संपतच नाही.

निघताना मी हळूच म्हटलं, "अण्णा, कांडीचं मास्तरांना नका हं सांगू."

"छे! मी कशाला सांगतोय?"

संध्याकाळी दळण आणायला गेलो. गिरणीवाल्याने पिठाचा डबा पुढे सरकवला, झाकण नुसतंच वर टेकवलेलं.

"घट्ट लावू का भाऊ? की तुम्हीच आटे बसवून बघताय?"

मागे बाकावर मास्तर बसले होते. खूप दिवसांनी खुशीत दिसले.