खिशातला फ्यूज

लग्नमंडपात आहेराचे पाकीट काढण्यासाठी खिशात हात घालावा आणि पाकिटाऐवजी चिनी मातीचा पांढरा, जाडजूड फ्यूज निघून तो वधूपित्याच्या ओंजळीत पडावा, असा प्रसंग ज्याच्या आयुष्यात माझ्या माहितीप्रमाणे निदान तीनदा घडला, त्या गृहस्थाची ओळख करून देण्याचे वास्तविक प्रयोजन नाही. कारण जेथे म्हणून एखादे यंत्र फिरते आणि ते फिरते राहावे म्हणून एखादा मनुष्य पगार घेतो, तेथे ह्या जातीचा एक तरी इसम आपणांस भेटला असणारच. डिचोली महालातल्या आमच्या कारखान्यात त्यास सगळे ‘मेस्त’ म्हणत. पोर्तुगीज निघून गेले तरी त्यांचे जे शब्द आमच्या जिभेवर राहून गेले, त्यांपैकी हा एक. सुतारापासून फिटरापर्यंत ज्याच्या हाताला हुन्नर आहे तो आमच्याकडे मेस्त. मीही त्याच कारखान्यात भांडारकारकून होतो, आणि ह्या मनुष्याने मला जितका मनस्ताप दिला तितका ऑडिटवाल्यांनीही दिला नसेल.

त्या पहिल्या लग्नाची हकीकत अशी. कारखाना होता ओतकामाचा. आसपासच्या लोहखनिजाच्या खाणींवरील यंत्रांस लागणारे ओतीव भाग तेथे तयार होत. भट्टीला वारा पुरवणारा एक मोठा ब्लोअर आणि साच्यांच्या वाळूची धूळ ओढून नेणारे दोन पंखे, ही तिन्ही यंत्रे मेस्तच्या ताब्यात. त्या दिवशी सकाळी त्याने ब्लोअर तपासणीसाठी उघडला, शिरस्त्याप्रमाणे तिन्ही फेजांचे तीन फ्यूज उपटून दोन शर्टाच्या खिशांत आणि एक पँटच्या खिशात टाकला, आणि काम अर्धे झाले असता मुहूर्ताची वेळ आली म्हणून तो तसाच मये गावी लग्नास निघून गेला. इकडे भट्टी थंड, पाळीचे बारा गडी हातावर हात धरून बसलेले, आणि मॅनेजरसाहेबांची जीप तळ्याकाठच्या रस्त्याने धुरळा उडवीत मंडपाकडे धावत सुटलेली. तिकडे वधूपिता मात्र ओंजळीतली वस्तू चुन्याची नव्या तऱ्हेची डबी असावी असे समजून मेस्तचे आभार मानतो आहे! साहेबांनी रागाने जाब विचारला तेव्हा मेस्त शांतपणे म्हणाला, “पात्रांव, पंखा उघडा आहे. मी नसताना तो चालू होता कामा नये, म्हणून तर फ्यूज बरोबर आणला.” साहेब निरुत्तर झाले. पंगत मात्र त्यांना जेवावी लागली, कारण वाढप झाल्यावाचून मेस्त उठणार नव्हता.

मेस्तचे सारे तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावत असे: “फ्यूज खंय आसा?” उपदेश करताना तो शुद्ध मराठी बोले, परंतु क्रोध अनावर झाला की कोंकणीवर येई, आणि हा प्रश्न तो नेहमी कोंकणीतच विचारी. पंख्याच्या दिशेने कोणी नुसते बोट दाखवले तरी हा प्रश्न येई. उत्तर ‘मेन स्विच बंद केला आहे’ असे आले तर तो कपाळावर हात मारून घेई. कारण बंद केलेला स्विच दुसरा कोणीही मनुष्य चांगल्या हेतूने चालू करू शकतो, आणि जगातील बहुतेक अपघात चांगल्या हेतूनेच होतात, अशी त्याची धारणा होती. म्हणून स्विच खाली ओढायचा, फ्यूज खिशात घालायचे, ‘माणूस काम करीत आहे’ अशी पाटी टांगायची, आणि एवढे झाल्यावर पुनः स्टार्टरचे हिरवे बटण स्वतः दाबून यंत्र खरोखरच निपचित पडले आहे की नाही हे पाहायचे, असा त्याचा चतुर्विध संस्कार असे. तो पुरा होईपर्यंत जाळीचा एकही बोल्ट सैल होत नसे.

पण संस्कार संपला तरी काम सुरू होत नसे, हा खरा छळ. वीज तोडल्यावरही ब्लोअरचे जड चाक कित्येक मिनिटे आपल्याच भाराने घरघरत राही. तेवढा वेळ मेस्त स्टुलावर बसून, एखाद्या रुग्णाच्या नाडीकडे वैद्याने पाहावे तसा त्याकडे पाहत असे. एकदा नव्याने रुजू झालेला एक इंजिनिअर अधीर होऊन म्हणाला, “अहो, बंद झाला आहे ना तो?” त्यावर मेस्तने दिलेले उत्तर मी माझ्या स्टॉकबुकाच्या पाठीवर टिपून ठेवले आहे: “बंद होणे निराळे आणि थांबणे निराळे.” त्या इंजिनिअरास हे वाक्य अनाठायी वाटले असावे; परंतु धुळीच्या पंख्यांपाशी त्याची प्रचीती त्यास लवकरच आली. ते दोन्ही पंखे एकाच मोठ्या नळाला जोडलेले होते. एक बंद करून दुसरा चालू ठेवला की चालणाऱ्याचा वारा नळातून उलटा शिरून थांबलेल्यास उलट्या दिशेने फिरवू लागे. विजेचा संबंध नाही, फ्यूज मेस्तच्या खिशात, आणि चाक मात्र भूत संचरल्यासारखे हळूहळू फिरते आहे! इंजिनिअर दोन पावले मागे सरला. मेस्तने नळातली झडप लोटली, चाकाच्या पात्यात लाकडी पाचर ठोकली, वरून सुंभाची दोरी बांधली, आणि मगच तो त्या पंख्याच्या अंगाला हात लावण्यास राजी झाला.

आता माझ्या स्वतःच्या मनस्तापाविषयी. ग्रीस हा पदार्थ भांडारातून डब्याने द्यावा आणि वापरणाऱ्याने तो हवा तसा वापरावा, ही जगरहाटी. मेस्त मात्र ते ग्रॅमने मागत असे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्यास रुंदीने गुणावे, आलेल्या संख्येस पुनः 0.005 ने गुणावे, म्हणजे एका खेपेस लागणारे ग्रीस ग्रॅममध्ये निघते, हा हिशेब तो मला दर महिन्यास नव्याने शिकवी. ब्लोअरचे बेअरिंग 110 मिलिमीटर व्यासाचे आणि 28 मिलिमीटर रुंदीचे. म्हणजे पंधरा ग्रॅम आणि वर थोडेसे. ते ‘थोडेसे’ मोजण्यासाठी त्याने डिचोलीच्या बाजारातून सोनाराचा जुना तराजू आणला, ग्रीसगनचे दहा दाब कागदावर काढून तोलले, त्यांस दहाने भागले, आणि एका दाबास किती ग्रीस येते हे गनच्या दांड्यावर खिळ्याने कोरून ठेवले. मी म्हटले, “मेस्त, दोन दाब जास्त गेले तर काय बिघडेल?” तो म्हणाला, “बाब, आग्रहाने जेवायला घातलेला पाहुणा मंडपातच आडवा होतो, तो कधी पाहिला आहे काय?” बेअरिंगच्या घरात अर्ध्याहून अधिक जागा ग्रीसने भरली की ते ग्रीस आतल्या आत घुसळले जाते, तापते, पातळ होते आणि अखेर बेअरिंगलाच जाळते, उपासाने मरणाऱ्या बेअरिंगांइतकीच आग्रहाने मरणारीही असतात, हे त्याने मला सोदाहरण पटवून दिले. दोन निरनिराळ्या जातींची ग्रीसे एकमेकांत मिसळण्यास तर त्याचा असा कडवा विरोध होता की, पत्रिका न पाहता सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाकडेही कोणी इतक्या तिरस्काराने पाहिले नसेल. लिथियमच्या डब्यात सोडियमच्या डब्यातला चमचा गेला म्हणून त्याने तो उभा डबा रद्द करविला. आणि त्या रद्द डब्याची कैफियत ऑडिटपुढे मला लिहावी लागली.

1948 च्या कारखाना कायद्याचे 22 वे कलम हे त्याचे नित्यपठणाचे स्तोत्र. चालत्या यंत्राची तपासणी किंवा वंगण करणारा मनुष्य खास शिकलेला व प्रौढ असावा, त्याचे नाव नोंदवहीत चढलेले असावे, आणि त्याच्या अंगात घट्ट बसणारे कपडे असावेत, ते कपडेही मालकाने पुरवावेत, असा त्या कलमाचा आशय होता; आणि माझ्या भांडारात होते केवळ ढगळ गणवेश. मेस्तने लेखी मागणी केली, मी ‘उपलब्ध नाही’ असा शेरा मारला, त्याने त्याखाली कलम लिहिले, मी त्याखाली ‘तजवीज चालू’ लिहिले, आणि हा पत्रव्यवहार आठ महिने चालल्यावर अखेर मी स्वतःच्या बायकोकडून त्याच्या दोन्ही बाह्या शिवून घेतल्या.

दसऱ्यास यंत्रांची पूजा होई, तेव्हा भटजींच्या खांद्यावरील उपरणे पट्ट्याजवळ झुलताना पाहून मेस्तने भर मंत्रपठणात विचारले, “फ्यूज खंय आसा?” भटजींना हा प्रश्न कोणत्या विधीतला ते उमगेना. झेंडूची माळ जाळीवर घालावी, शाफ्टवर कदापि घालू नये, ह्या मुद्द्यावर देव आणि मेस्त ह्यांच्यात काही काळ तेढ पडली. शेवटी तिन्ही फ्यूज तबकात मांडून त्यांनाच हळदकुंकू लावण्याचा तोडगा निघाला, आणि पुढे कैक महिने आमच्या ब्लोअरला वीज पोचली ती कुंकवातून.

गावातही त्याचा हा छंद सुटला नाही. घरच्या पंख्यास तेल घालायचे म्हणून त्याने मुख्य फ्यूज काढून खिशात टाकला आणि तेल आणावयास म्हणून बाजारात गेला तो तिकडेच गप्पांत रमला. वहिनींनी त्या रात्री समईच्या उजेडात निवडलेल्या तांदळात खडे राहिले, आणि ते नेमके मेस्तच्याच दाताखाली आले. एका वर्षी दशावतारी काल्यात रंगमंचाकडेला ठेवलेल्या उभ्या पंख्याला जाळी नसल्याचे त्याच्या दृष्टीस पडले. संकासुर नाचत नाचत तिकडे सरकू लागताच मांडवातला उजेड आणि पंखा दोन्ही एकदम गेले. संकासुर अंधारात दोन क्षण थबकला, आणि मग आवाज चढवून म्हणाला, “मेस्त, फ्यूज खंय आसा?” सगळा गाव हसला, मेस्त सोडून.

ह्या वेडामागे एखादी दुःखद कथा असावी, कोणाचे तरी बोट पंख्यात गेले असावे, असा तर्क वाचकांप्रमाणे मीही केला होता. एकदा धीर करून विचारले, तेव्हा त्याने दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. दहाही बोटे शाबूत. “हीच कथा,” तो म्हणाला.

परंतु मला वाटते, कथा आणखीही एक होती, आणि ती त्याच्या गावाची होती. मये गावच्या बऱ्याच जमिनीची मालकी पोर्तुगीज राजवटीत काउंट हा किताब लाभलेल्या एका घराण्याकडे होती. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, धनी पोर्तुगालला निघून गेला, 1964 च्या कायद्याने ती मालमत्ता परागंदांची ठरून कस्टोडियनच्या दफ्तरी जमा झाली, आणि ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला तिच्यावर स्वतःच्या घराची भिंत दुरुस्त करावयासही मयेच्या माणसास कोणाच्या तरी मेजापुढे उभे राहावे लागले. 2014 साली विधानसभेने ती मालकी रद्द करणारा कायदा केला तोवर अर्धशतक लोटले होते. गोवा मुक्त झाला. मये मात्र अजून व्हायचे आहे, असे गावकरी म्हणत. बंद होणे निराळे आणि थांबणे निराळे, हे वाक्य मेस्तने पंख्याकडे पाहूनच रचले असेल असे मला आता वाटत नाही. आपल्या गावाचा फ्यूज आयुष्यभर दुसऱ्याच्या खिशात पाहिलेल्या मनुष्याने निदान तीन पंख्यांचे फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवण्याचा आग्रह धरला, तर त्यास वेड म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही.

2012 च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी बंद पडल्या. खाणींना माल पुरवणारा आमचा कारखानाही काही महिन्यांतच थंडावला. गडी पांगले, बिल थकले, वीजखात्याचे लोक येऊन जोडणी तोडून गेले. मालमत्तेची राखण आणि हिशेब ह्यासाठी मी एकटाच उरलो. तरीही दर सोमवारी सकाळी मेस्त सायकलवरून येई. न फिरणाऱ्या पंख्याचा भार बेअरिंगच्या त्याच त्या रोळांवर महिनोन्‌महिने राहिला तर तेथे खाच पडते आणि वरच्या अंगाचे ग्रीस खाली गळून ते अंग कोरडे होते. म्हणून प्रत्येक चाक हाताने पाव फेरा फिरवायचे, खडूने खूण करायची आणि पुढच्या सोमवारी पुनः पाव फेरा द्यायचा. ह्या कामाचा त्यास एक पैसाही मिळत नव्हता. एका पावसाळी सोमवारी मी त्याच्या मागोमाग आत गेलो. छपरातून पाणी ठिबकत होते, भट्टीच्या तोंडाशी शेवाळ धरले होते, आणि मेस्त बोर्डापुढे उभा राहून एकामागून एक फ्यूज काढून खिशात टाकीत होता. मग त्याने पाटी टांगली. मग हिरवे बटण दाबून पाहिले.

“मेस्त,” मी म्हटले, “वीजच नाही ना!”

“वीज नाही हे तुम्हाला वीजखात्याने सांगितले, बाब,” चाकाला हात घालीत तो म्हणाला. “फ्यूज खिशात आहेत हे मला मीच सांगितले आहे.”

चाक पाव फेरा फिरले. आवाज कसला तो नाहीच.

मेस्त ह्या जगातून गेल्यास आता काही वर्षे झाली. त्यानंतरच्या मार्चमध्ये कारखान्याचा लिलाव झाला. भंगारवाल्याच्या माणसाने ब्लोअरचा पट्टा कापून सहज म्हणून एका बोटाने चाकास ढकलले, तर ते बराच वेळ निमूटपणे फिरत राहिले, तो आश्चर्याने पाहत होता, आणि मी त्यास म्हणालो, “थांबू दे. पुरते थांबल्यावाचून हात लावू नकोस.” तेव्हा हे शब्द माझे नव्हेत हे माझ्याच लक्षात आले. मग मी यादी लिहावयास घेतली: ब्लोअर, नग एक, धुळीचे पंखे, नग दोन, मोटारी, नग तीन. फ्यूजच्या रकान्यात ‘निरंक’ असे लिहून मी खाली सही केली.