बाघ नदीच्या अल्याड-पल्याड

बालाघाटहून गोंदियाला निघालं की राजेगावपाशी बाघ नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला की पाट्या हिंदीच्या मराठी होतात, मोबाइल एका सर्कलमधून दुसऱ्यात शिरतो आणि मघापर्यंत चहावाल्याला ‘भैया’ म्हणणारा माणूस ‘भाऊ’ म्हणू लागतो. आमच्याकडचं पोर आजीशी पोवारी बोलतं, शाळेत हिंदी आणि गोंदियाच्या मावशीकडं मराठी. मधे कुठं बटण दाबताना त्याला कुणी पाहिलेलं नाही.

अडतो तो लॅपटॉप. ऑफिसात त्याला एक पक्का आयपी पत्ता दिलेला असतो, वर प्रॉक्सी नावाचा दारवान, ज्याला विचारल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. संध्याकाळी घरी आणला तरी गडी तोच पत्ता सांगतो, त्याच दारवानाला हाका मारत बसतो. वाय-फायच्या पट्ट्या पूर्ण, इंटरनेट शून्य! मग सेटिंगमध्ये शिरून आकडे पुसायचे आणि सकाळी पुन्हा भरायचे.

खरं तर पत्ता आपोआप देणारी डीएचसीपी नावाची पद्धत १९९३ पासून आहे. नव्या जागी यंत्र हाक घालतं, राउटर त्याला ठरावीक मुदतीपुरता पत्ता देतो. कुणीच ओ दिली नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एखादा पत्ता घेऊन मोकळं होतं. त्या पत्त्यावरून इंटरनेट मात्र मिळत नाही. हा स्वाभिमान मला आवडतो.

विंडोजमध्ये ‘अल्टरनेट कॉन्फिगरेशन’ही आहे: आधी पत्ता मागून बघ, नाहीच मिळाला तर हा वापर. ॲपलनं तर ‘लोकेशन’ नावानं जागांची यादीच करू दिली, पण जागा बदलली की निवड आपणच करायची. म्हणजे आपण कुठं आलो आहोत हे लॅपटॉपला आपणच सांगायचं.

पर्यायी पत्ता काय असतो, हे बालाघाटकराला शिकवावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आमचा जिल्हा जागचा हलला नाही, राजधानी मात्र नागपूरहून भोपाळला गेली. शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून सरकारी कागद भोपाळला, हायकोर्टाचा खटला जबलपूरला आणि दुखणं हाताबाहेर गेलं की माणूस नागपूरला. कुणाला कुठं न्यायचं, यावर घरात चर्चा होत नाही.

लॅपटॉपला एवढी समज येईल तेव्हा येवो. तोवर ऑफिसातल्या संगणकवाल्या भाऊंना एकच सांगा: पक्का पत्ता लॅपटॉपमध्ये लिहू नका, राउटरमध्ये त्या यंत्राच्या नावे राखून ठेवा. लॅपटॉप सगळीकडे ‘ऑटोमॅटिक’वर राहील आणि ऑफिसात गेला की त्याला रोज तोच पत्ता मिळेल. पाच मिनिटांचं काम आहे. प्रॉक्सीचं मात्र त्यांनाच विचारा, आणि जमल्यास चहा पाजून विचारा.