वरून कीर्तन, खालून गंज

कोकणातला गाडीमालक रोज सकाळी बॉनेट पुसतो, आरशावर फुंकर मारतो, काचेवरचं कावळ्याचं कर्तृत्व नखाने खरवडतो. गाडीखाली मात्र तो दोनदाच डोकावतो: मांजर बसलं असेल तेव्हा, किंवा किल्ली पडली तर. म्हणून जुनी मारुती ८०० रॅम्पवर चढते आणि मिस्त्रीने टेकवलेला स्क्रूड्रायव्हर दांड्यापर्यंत आत जातो, तेव्हा मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

"खालून जरा काळा रंग मारून द्या."

"मारतो की. पण रंग धरायला पत्रा नको?"

लोखंडाला हवा आणि ओल मिळाली की गंज चढतोच. मीठ त्याला नुसती घाई करायला लावतं. खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो, शिवाय मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. तरीही हर्णै-मुरूडच्या पुळणीवर गाडी लाटांत घालून फोटो काढायचे आणि घरी येऊन धुवायचं काय, तर टप!

पावसाळ्याआधी काहीजण खालून जळकं ऑईल फासतात. त्याने रबरी बुश फुगतात, अंगणाला तेलाचं सारवण होतं. दुसरा पंथ गंजावरच डांबरी कोटिंग मारणाऱ्यांचा. हा जास्त घातक, कारण कोटिंगला चीर गेली की पाणी आत शिरतं, मुक्काम ठोकतं आणि वरून सगळं काळंभोर, सुरेख दिसतं. फवारणाऱ्या पोराने उत्साहात सायलेन्सरही रंगवला, की दुसऱ्या दिवशी गाडी धुपाटण्यासारखी गावभर फिरते.

खरं काम कंटाळवाणं आहे. तारेच्या ब्रशने, ग्राइंडरने सुटा गंज काढायचा, फॉस्फोरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर लावायचं, वाळल्यावर प्रायमर, मग कोटिंग. कन्व्हर्टर उरल्यासुरल्या गंजाचं लोह-फॉस्फेट करतं. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे, तोही लोखंडातल्या फॉस्फरसमुळे धरलेल्या अशाच थराच्या जोरावर. तिथे कुणी जळकं ऑईल फासलेलं नाही. दारांच्या आणि सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं मात्र कोटिंगने बुजवायची नाहीत. पाला अडकला असेल तर तार घालून मोकळी करायची.

शिवाय अर्धा गंज वरूनच येतो. एसीची नळी तुंबते, पाणी मॅटखालच्या नमद्यात मुरतं आणि त्यावर मालक पेपर अंथरतो. पेपर ओला होतो, बदलला जातो. नमदा कुणी उचलत नाही.

पुण्याचं गिऱ्हाईक तो उचलतं. नंबरप्लेटवर एमएच-०८ दिसताच ते इंजिन सोडून आधी मॅट उपसतं, मग वाकून ताज्या काळ्या कोटिंगवर टिचकी मारतं आणि भाव करायला उभं राहतं.