नखाला मलम नेमकं कुठे लावायचं?

मलमाच्या नळीवर ‘बाधित भागावर पातळ थर लावावा’ असं छापलेलं असतं. माझ्यासारख्या नखांचा सोरायसिस असलेल्या माणसाला या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. नख टणक असतं, त्याच्या पाठीवर चोळलेलं मलम आत फारसं पोचतच नाही. नखावर बारीक खड्डे पडले असतील तर बिघाड नखाच्या मुळाशी असतो, म्हणून मलम मुळाजवळच्या कातडीच्या घडीवर जिरवायचं. नखाखाली तेल सांडल्यासारखा पिवळट डाग दिसत असेल किंवा नख टोकाकडून सुटलं असेल, तर सुटलेला भाग कापून उघड्या जागेवर औषध लावायचं. डॉक्टरांना चिठ्ठीवर एवढं लिहायला किती वेळ लागतो? दवाखान्यात गर्दी असते, मान्य. तरीही लिहायला हवं.

पुढची तक्रार औषधाच्या दुकानाची. माझी बोटं काउंटरवर दिसली की ‘फंगस आहे’ असा निकाल लागतो आणि तीन-चार औषधांचं मिश्रण असलेली स्वस्त नळी पुढे येते. फंगस आहे का, हे नखाचा कीस तपासल्यावर कळतं, आणि कधी कधी दोन्ही दुखणी एकत्र असतात. अशा मिश्रणांत बरेचदा क्लोबेटासॉल असतं. हे जोरदार स्टेरॉइड. डॉक्टरांनी दिलं तर नखांच्या सोरायसिसवर ते चालतं, पण देखरेखीशिवाय लावत राहिलं तर कातडी पातळ होते. म्हणून तर २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आणली. तरी ती मुंबईत आमच्या साकीनाक्यात चिठ्ठीविना मिळतात, याचा मला राग येतो.

घरच्यांना महिन्याभरात गुण हवा असतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला सहा महिने, पायाचं तर वर्ष-दीड वर्ष. क्लोबेटासॉल असो की कॅल्सिपोट्रिऑल, टॅझारोटीन यांसारखी लावायची दुसरी औषधं, या वेगापुढे कुणाचं चालत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं, तर लोक अर्ध्यात मलम सोडणार नाहीत.

साकीनाक्यातल्या खैरानी रोडच्या गाळ्यांत काम करणाऱ्यांचे हाल जास्त. दिवसा लावलेलं मलम हात पुसायच्या चिंधीला जातं. नखाला मार बसला की सोरायसिस तिथेच भडकतो, आणि हातमोजे घालून बारीक काम होत नाही. रात्री झोपताना लावणं एवढाच मार्ग उरतो. मेट्रोत दांडा धरला की शेजारचा आपला हात काढून घेतो; हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र न विचारलेल्या प्रश्नाची. नखांत सोरायसिस असलेल्यांना सांध्यांचा सोरायसिस होण्याचा धोका अधिक असतो, आणि तिथे मलम उपयोगी पडत नाही. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, शेवटचं पेर सुजतं का, टाच दुखते का, हे प्रत्येक वेळी विचारायला हवं. मला आजवर कुणीही विचारलेलं नाही.