घरच्या घरी स्टोइक रोजनिशी

प्राचीन ग्रीक-रोमन स्टोइक तत्त्वज्ञांची ही कृती नवशिक्यांसाठी आहे. रोज पंधरा मिनिटे लागतात. परिणाम दिसायला साधारण एक आयुष्य.

साहित्य

वही एक. पेन एक. मन एक, शक्यतो स्वतःचे.

नवशिक्या वहीच्या दुकानातच अडकतो. कातडी बांधणी, साईच्या रंगाचा कागद आणि रेशमी खूणदोरी पाहून आपल्या आत एक तत्त्वज्ञ दडला असल्याची त्याला खात्री पटते. पण एवढ्या महागाच्या वहीत खाडाखोड करायचा धीर होत नाही, आणि खाडाखोडीशिवाय हा पदार्थ होत नाही. त्यापेक्षा बँकेने दिलेली दोन वर्षांपूर्वीची डायरी घ्यावी. तारखा मुळातच चुकीच्या असल्याने खाडे दिसत नाहीत.

ज्या वहीमुळे हा प्रकार आज एवढा लोकप्रिय झाला, ती लिहिणाऱ्याकडे निवांत खोली नव्हती. मार्कस ऑरेलियस 161 ते 180 या काळात रोमचा सम्राट होता. साम्राज्यात साथीचा रोग, सरहद्दीवर युद्ध. वहीत डॅन्यूबकाठच्या कार्नुन्टम या लष्करी ठाण्याचा उल्लेख सापडतो, म्हणजे निदान काही पाने तरी मोहिमेवर लिहिलेली. तीही राज्यकारभाराच्या लॅटिनमध्ये नाही, ग्रीकमध्ये. तेव्हा ‘घरात शांतता नाही’ ही सबब येथे स्वीकारली जाणार नाही.

पूर्वतयारी

आधी ऋण मानावे. मार्कसच्या वहीचा पहिला भाग हाच आहे. सतरा नोंदी : आजोबांकडून काय मिळाले, आईकडून काय, कोणत्या गुरूकडून काय. रुस्टिकस या गुरूने एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाची टिपणे स्वतःच्या संग्रहातून वाचायला दिली, याचीही आठवण आहे. ती परत केली की नाही, याबद्दल वही गप्प आहे.

नवशिक्याची यादी आईपासून नीट सुरू होते आणि तिसऱ्या नोंदीला घसरते : ‘मोठे काका. माणसाने कसे वागू नये हे शिकवल्याबद्दल ऋणी.’ अशी नोंद खोडावी. बँकेची डायरी घ्यायला सांगितली ती याचसाठी.

कृती

1. सकाळ. आज कोण कोण भेटणार, हे उठल्यावर लिहावे. लुडबुडे, कृतघ्न, उद्धट, मत्सरी. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला मार्कस अशीच यादी करतो. नवशिक्यांना ही पायरी फार आवडते. सोसायटीच्या सेक्रेटरीपासून ते बंद दारामागून ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणणाऱ्यापर्यंत पान भराभर भरते, अक्षरही सुधारते.

येथे एक अडचण आहे. मार्कसची नोंद यादीपाशी थांबत नाही. ही माणसे माझी नातलग आहेत, हातपाय जसे एकमेकांच्या साथीने चालतात तसे आम्ही एकमेकांसाठी आहोत, तेव्हा त्यांच्यावर रागावणे निसर्गाविरुद्ध आहे, असे तो पुढे स्वतःला बजावतो. नवशिक्याची शाई नेमकी येथे संपते. अर्धीच कृती केल्यास जे तयार होते त्याला रोजनिशी म्हणत नाहीत, तक्रारवही म्हणतात.

पहाटे उठवतच नसेल तर घाबरू नये. पाचव्या भागाच्या आरंभी खुद्द सम्राट उबदार अंथरुणातून निघायला कुरकुरतो आहे आणि स्वतःची समजूत काढतो आहे.

2. दुपार. पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करावेत : ‘माझ्या हातात’ आणि ‘माझ्या हाताबाहेर’. ही विभागणी एपिक्टेटसची. तो गुलाम म्हणून जगला, पुढे मुक्त झाला आणि निकोपोलिसला शाळा चालवू लागला. स्वतः त्याने एक ओळ लिहून ठेवली नाही. आज आपण वाचतो ती एरियन या विद्यार्थ्याने उतरवून घेतलेली टिपणे. वर्गात दुसऱ्याच्या नोट्सवर पास झालेल्यांनी येथे संकोच बाळगू नये.

पहिल्याच आठवड्यात डावा रकाना ओस पडतो आणि उजव्यात गर्दी होते. ‘सासूबाईंना फोन : हाताबाहेर. गॅलरीतला पसारा : हाताबाहेर. वजन : हाताबाहेर.’ यातले वजन एपिक्टेटसही मान्य करील. शरीर, पैसा, पद आणि लौकिक या गोष्टी तो हाताबाहेरच्याच मानतो. मात्र आपले मत, आपली इच्छा आणि आपली धडपड तो डाव्या रकान्यात घालतो. म्हणजे वजन उजवीकडे, पण तिसरा गुलाबजाम डावीकडे.

3. रात्र. दिवा मालवल्यावर दिवसभराचा झाडा घ्यावा. सेनेका या रोमन स्टोइकाने ‘रागाविषयी’ या ग्रंथात आपली पद्धत सांगितली आहे. दिवा गेला आणि सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली, की तो दिवसाचे बोलणे-वागणे तपासायचा. काही लपवायचा नाही. शेवटी, पुन्हा असे करू नकोस, या वेळी माफ, असे म्हणून स्वतःला सोडायचा.

आपल्याकडे दिवा मालवल्यावर जोडीदार गप्प होईलच असे नाही. उलट आपण विसरलेल्या चारदोन चुका पुरवणी म्हणून मिळतात. त्या नाकारू नयेत, वेगळ्या पानावर घ्याव्यात.

सावधगिरीची सूचना : ही कृती फक्त लिहिणाऱ्यावर चालते, आसपासच्यांवर नाही. सेनेकाचा विद्यार्थी नीरो होता.

4. साप्ताहिक. राग मोजावा. एपिक्टेटस म्हणतो, न रागावलेले दिवस मोजा, आणि तीस झाले तर देवाला नैवेद्य दाखवा. नमुना :

सोमवार : रागावलो नाही. (सुट्टी. घरी कोणी नव्हते.)
मंगळवार : रागावलो नाही. फक्त खरे बोललो.
बुधवार : मंगळवारची नोंद खोडली. पुन्हा शून्य.

नैवेद्याचा नारळ आगाऊ आणू नये. चटणीत जातो.

टीप

पानाचा फोटो काढून कोणालाही पाठवू नये. मनाशी बोलणे आपल्याला नवे नाही. समर्थ रामदासांचे 205 मनाचे श्लोक मनालाच उद्देशून आहेत. पण ते मोठ्याने म्हणायचे, म्हणजे शेजाऱ्याचेही मन जाता जाता सुधारते. मार्कसची वही तशी नव्हे. ती वाचायला दुसरे कोणी येईल, अशा बेताने लिहिलेली वाटत नाही. दाखवायला लिहिलेल्या वहीत माणूस दुसऱ्याच आठवड्यात शहाणा होतो आणि तिथेच थांबतो.

शंकासमाधान

शंका : मी रोज तेच तेच लिहितो. प्रगती नाही. सोडून देऊ का?
उत्तर : मार्कसच्या वहीचे बारा भाग आहेत आणि त्यांत राग आवर, कीर्ती क्षणभराची आहे, मरण जवळ आहे, हे फिरून फिरून येते. पहिल्यांदा लिहून राग गेला असता तर दुसऱ्यांदा लिहावेच लागले नसते. अंगण एकदा झाडले की कायमचे झाडून होते, असे कोणी म्हणत नाही. लिहीत राहावे.

शंका : वही चोरीला गेली तर?
उत्तर : एपिक्टेटसच्या देवघरात लोखंडी दिवा होता. एके रात्री चोराने तो पळवला. एपिक्टेटसने हिशेब केला : चोराला दिवा मिळाला, पण त्यासाठी त्याला चोर व्हावे लागले. सौदा चोराला महाग पडला. आणि स्वतःसाठी एपिक्टेटसने मातीचा दिवा आणला.

त्याच्या मरणानंतर तो मातीचा दिवा एकाने तीन हजार द्राख्मांना विकत घेतला. रात्री त्याच्या उजेडात वाचले की एपिक्टेटसचे शहाणपण आपोआप अंगी येईल, अशी त्याची समजूत होती. पुस्तके जमवणाऱ्या एका अडाण्याची टिंगल करताना ल्युशियन या उपहासकाराने हा किस्सा सांगितला आहे. त्या गृहस्थाचे वंशज आजही वहीच्या दुकानात भेटतात, कातडी बांधणीच्या कप्प्यापाशी. त्यांच्यावर रागावू नये. नातलगच आहेत. आपण शेजारच्या कप्प्यातली शंभर पानी उचलावी आणि घरी यावे.