काजळी जाळायला चाललोय

आमच्या घरापासून माझं ऑफिस अडीच किलोमीटर, भाजी मंडई त्याहून अलीकडे, आणि सासुरवाडी तर इतकी जवळ की तिथे कुकरची शिट्टी झाली की इथे आम्ही गॅस बारीक करतो. एवढ्या अफाट भ्रमंतीसाठी मी डिझेलची गाडी घेतली. डिझेल स्वस्त, ॲव्हरेज जास्त, म्हणजे वर्षाकाठी अमुक इतके वाचणार, असा हिशेब मी दूधवाल्याच्या बिलामागे पेन्सिलीने मांडून बायकोला दाखवला होता. तो कागद तिने अजून जपून ठेवलाय.

झालं असं, की १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर पहारेकरी होऊन बसला. त्याच सुमाराला मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच सोडून दिलं. देशात सर्वांत जास्त गाड्या विकणाऱ्यांनी हात झटकले ते बघूनही मी मात्र पुढे झालो. आमच्या घराण्यात हे पूर्वापार आहे. आजोबांनी टांगा घेतला तेव्हा गावात एसटी सुरू झाली होती.

या डीपीएफच्या पोटात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. धुरातली काजळी तिथे अडकते, साठते, आणि मग ती जाळून टाकावी लागते. त्यासाठी लागते सुमारे ६०० अंशांची धग. हायवेवर गाडी पळाली की तिला काही वेगळं करावं लागत नाही. पण सिग्नल, खड्डा, पुन्हा सिग्नल अशा माझ्या दौऱ्यात इंजिन जेमतेम कोमट होतं. मग काजळी फार साठली की गाडी आपणहून जादा डिझेल फवारून आतला जाळ वाढवते, आणि त्या कामाला तिला पंधरा-वीस मिनिटं सलग पळणं हवं असतं. हा मुहूर्त तिला नेमका मी सोसायटीच्या गेटात वळलो की सापडतो. मी किल्ली काढतो, उतरतो, दार लावतो, तरी आतला पंखा विमान सुटल्यासारखा घोंघावत राहतो, खालून करपल्याचा वास येतो, आणि वॉचमन लांबूनच विचारतो, ‘‘साहेब, पाण्याची बादली आणू का?’’

मध्यंतरी मी डिपस्टिक काढून पाहिली, तर इंजिन ऑइल आधीपेक्षा वर आलेलं. लोकांच्या गाड्या ऑइल खातात, माझी तयार करते, या आनंदात मी शेजारच्या कुलकर्ण्यांना चहा पाजला. सर्व्हिस सेंटरच्या फोरमनने मात्र पट्टी नाकाशी धरली, दोन बोटांत ऑइलचा थेंब चोळला आणि म्हणाला, ‘‘काका, यात डिझेल उतरलंय.’’ जाळायला फवारलेलं डिझेल अर्ध्यावर गाडी बंद केल्यामुळे ऑइलमध्ये उतरत होतं. स्वस्त म्हणून घेतलेलं ते डिझेल बाहेर काढायला महागातलं ऑइल नव्याने भरावं लागलं. घरी हे सांगितल्यावर बायको काही बोलली नाही. कपाटातून कागद काढून नुसता टेबलावर ठेवला.

पुढे डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा, डबीत ठिपके भरलेला, कायमचाच मुक्कामाला आला. एकदा तर पौड रोडच्या पुलाच्या चढावर गाडीने पिकअपच सोडला आणि मागून दूध घेऊन येणारा सायकलवाला ‘‘सरका की’’ म्हणत पुढे गेला. सर्व्हिस सेंटरात लॅपटॉप जोडून उभ्या उभ्या काजळी जाळून मिळते. त्याचं बिल येतं. नवा फिल्टर घ्यायचा तर किती, हे त्यांनी मला आधी खुर्ची देऊन मग सांगितलं.

तेव्हापासून रात्री जेवणं झाली की लोक शतपावलीला निघतात आणि मी गाडीला घेऊन चांदणी चौकातून बायपासला लागतो. टॉप गिअर टाकायचा नाही, काटा दोन हजारांच्या वर ठेवायचा, हे सगळं गुरुमंत्रासारखं पाठ झालंय. ‘‘कुठे निघालात?’’ असं कोणी विचारलं तर ‘‘काजळी जाळायला’’ याखेरीज माझ्याकडे उत्तर नसतं, आणि ते ऐकून पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

नातेवाइकांना मात्र याचा बरोबर सुगावा लागला. चुलतभावाला रात्री दोनला मुंबई विमानतळावर सोडलं, एक्स्प्रेसवेवर दिवा विझला, त्या भरात मी सगळ्यांना पेढे वाटले आणि तिथेच घात झाला. आता मावससाडूंचा फोन येतो, तो तब्येत विचारायला नाही. ‘‘तुमची काजळी साठली असेल ना हो? आमच्या हिला पनवेलला जायचंय.’’ घराण्यात इतका परोपकारी माणूस झाला नाही, अशी माझी ख्याती आहे. आपला दिवा लागलाय म्हणून आपण दानशूर झालो, हे मीही कुणाला सांगत नाही.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाला सातारा, कोल्हापूर, पनवेल, कुठेही जायचं असेल तर निःसंकोच कळवा. डिझेल माझं, टोल तुमचा. फक्त दिवा विझेपर्यंत चहाला थांबायचं नाही.