अजून चालतोय की!

नानांच्या घरात बंद पडलेली वस्तू एकही नाही, कारण वस्तू बंद पडली हे ते मान्यच करत नाहीत. असे नाना प्रत्येक इमारतीत असतात, आमचे नाशिकचे. पेन्शन वेळेवर, दाराला तीन कुलपं आणि बाथरूममध्ये एक गॅस गीझर. तो भिंतीवर चढल्यापासून त्याचं झाकण कोणी उघडलेलं नाही. सर्व्हिसिंगचा विषय काढला, की नाना म्हणतात, "कशाला? अजून चालतोय की!"

चालतो म्हणजे कसा, हे बघण्यासारखं आहे. नळ सोडला की आत टिकटिक सुरू होते, ज्योत मात्र नाही. नाना एक बुक्की घालतात. तरीही नाही. मग खालचे दोन जाडे सेल काढून पंचाला पुसायचे, थोडे चोळायचे आणि परत बसवायचे, कारण नवे सेल म्हणजे उधळपट्टी. पुन्हा नळ, पुन्हा टिकटिक, आणि साचलेला गॅस एकदम 'भक्क' करून पेटतो. तोवर नाना सराईतपणे एक पाऊल मागे सरकलेले असतात. त्यांची उजवी भुवई डावीपेक्षा विरळ आहे. ते वयावर ढकलतात.

ज्योत पेटते ती पिवळी. खरं तर ती निळी हवी. पिवळी दिसली की समजावं, बर्नरला हवा कमी पडतेय, काजळी धरतेय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. हे मी नानांना सांगून पाहिलं. "देवघरातली समई कधी निळी पाहिलीस का रे?" ते म्हणाले. यावर कोण काय बोलणार!

थंडीत तर नानांच्या प्रतिभेला बहर येतो. निफाडचा पारा घसरल्याची बातमी ज्या पेपरात येते, तोच पेपर घडी करून ते बाथरूमच्या झरोक्यात कोंबतात. दाराखालच्या फटीला पायपुसणं. आता गीझरने आतला प्राणवायू खायचा आणि त्याने सोडलेलं नानांनी ओढायचं, असा घरगुती व्यवहार सुरू होतो. सिलिंडरमधला गॅस गळला तर निदान वास येतो, तोही मुद्दाम मिसळलेला. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. अंघोळ करून आल्यावर नानांचं डोकं ठणकतं, मळमळतं. "पित्त!" असं निदान करून ते मोरावळा खातात. मुलीकडे गेले की हे पित्त नाहीसं होतं, त्याचं श्रेय तिच्या हातच्या मऊ भाताला.

गॅस गळतोय का हे जोडावर साबणाचा फेस लावून बघतात. बुडबुडे आले तर गळती. नाना काडी ओढून बघतात. त्या वेळी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, शेजाऱ्यांकडे जाऊन बसतात. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, पण नानांच्या नळीवरचं साल आता चिकटपट्टीखाली गेलंय, त्यामुळे वादच मिटला.

शेवटी नाना शेगावला गेलेले असताना वहिनींनी मेकॅनिकला बोलावलं. त्याने आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, मग झाकण काढलं आणि काही क्षण नुसताच बघत राहिला. तांब्याच्या पातळ पट्ट्यांमध्ये काजळी ठासून भरलेली. बर्नरच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं, मालकासकट. पाणी आत येतं तिथल्या बोटभर जाळीत वाळू, आणि बोअरच्या पाण्याने नळीत क्षारांचा पांढरा थर. ब्रशने काजळी झाडली, क्षार काढले, कडक झालेला रबरी पडदा बदलला, नवी नळी आणि नवे सेल घातले. मग वहिनींकडे वळून म्हणाला, "ताई, एवढं केलं तरी हा आत ठेवायचा नाही. मी बाल्कनीत लावतो, बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप नेतो. आणि अंघोळ करताना कुणाला गरगरलं तर आधी गीझर बंद करून बाहेर मोकळ्या हवेत आणा, पित्ताचं नंतर बघा."

नाना परतले. पहिला प्रश्न, "किती घेतले?" दुसरा, "जुने सेल कुठे आहेत?" आठवडाभर ते गीझरशी बोलले नाहीत. नंतर डोकं दुखायचं थांबलं, तेव्हा शेगावचा गुण आला म्हणाले.

आता ते इमारतीत घरोघर फिरून लोकांच्या ज्योतीचा रंग तपासतात, झरोक्यातले कागद उपसतात आणि "गीझर बाहेर काढायची कल्पना माझीच" असं सांगतात. कुणी हरकत घेत नाही. पुढची सर्व्हिसिंग दिवाळीच्या आधी ठरली आहे, आणि तिचे पैसे वहिनीच देणार आहेत.